किल्ली कुणी दिली?

वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस पसरलेली एव्हरशाईन सिटी ही मुंबईतील अपुऱ्या जागेतून बाहेर पडलेल्या अनेक कुटुंबांची वसाहत आहे. तळमजल्यावर दुकान, वर राहते घर आणि वालीव, सातिवली किंवा गोखिवऱ्याच्या बाजूला एखादा गाळा, अशी येथील कितीतरी व्यापारी घरांची ठेवण असते. दुकान, गाळा, मुलांचा क्लास, देरासर आणि स्थानक यांना जोडणारे वाहन म्हणजे दुचाकी. पूर्वेकडे थोड्याच अंतरावर मुंबई–अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ अहोरात्र धावत असतो.

अशा घरात मुलगा किंवा मुलगी दहावीत गेली की घरची स्कूटर हळूहळू त्यांच्या हाती येते. ‘एवढे पार्सल गाळ्यावर देऊन ये’, ‘बहिणीला क्लासला सोडून ये’ ही निमित्ते साधीच असतात. मुलाला वाहन द्यायचे, असा निर्णय घरात कुणी बसून घेतलेला नसतो. वाहन कसे चालवावे, हे शिकवण्याचे कामही कुणी अंगावर घेतलेले नसते. घराला वाटते, शाळा शिकवील. शाळेला वाटते, हे घरचे काम. दोघांनाही वाटते, चौकातला पोलीस पाहून घेईल. या तिघांच्या मधल्या मोकळ्या जागेत मूल रस्त्यावर उतरते.

त्या मोकळ्या जागेची किंमत केंद्र सरकारच्या अहवालात नोंदलेली आहे. २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. मृतांपैकी सुमारे दोन तृतीयांश १८ ते ४५ या वयोगटातील होती, म्हणजे घर चालवणारी किंवा उद्या चालवणार असलेली. हेल्मेट न घालता प्राण गमावलेल्यांची संख्या ५०,०२९ होती आणि त्यांतले १४ हजारांहून अधिक जण चालक नव्हते, मागे बसलेले होते. वसई तालुका ज्या जिल्ह्यात येतो त्या पालघर जिल्ह्याने त्याच वर्षी एक धक्कादायक अपघात पाहिला. ४ सप्टेंबर २०२२ रोजी याच महामार्गावर, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार कठड्यावर आदळली. पुढच्या आसनांवरील दोघे वाचले. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा बांधलेला नव्हता. ते दोघेही गेले. मोटार उत्तम बनावटीची होती. प्रवास दिवसाउजेडी होता. कमी पडली ती एक छोटी सवय, आणि सवय ही विकत घेता येत नाही, लावावी लागते.

कायदा काय म्हणतो?

जबाबदारी कुणाची, या प्रश्नावर कायद्याचे उत्तर आता संदिग्ध राहिलेले नाही. मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने कलम १९९-अ आणले आणि ते १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाले. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंतचा कारावास आणि २५ हजार रुपये दंड. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार पालकावरच असतो.

सोळाव्या वर्षी परवाना मिळतो, असे अनेक घरांत सांगितले जाते. ते अर्धे खरे आहे. ती सवलत ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीपुरती आहे. दुकानासमोर उभी असलेली ११० किंवा १२५ सीसीची स्कूटर तिच्यात बसत नाही. दुसरीकडे, ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, अगदी कमी शक्तीच्या विजेच्या दुचाकीला परवानाच लागत नाही. म्हणून ती मुलांसाठी हौसेने घेतली जाते. तिथे ना परीक्षा, ना परीक्षक. अशा वाहनावर बसलेल्या मुलाचा एकमेव शिक्षक म्हणजे त्याचे घर. शिकाऊ परवान्याची चाचणीसुद्धा २०२१ पासून महाराष्ट्रात घरबसल्या देता येते. परीक्षेची खोलीच घरात आली आहे. तिथे मुलाने स्वतः उत्तरे द्यायची की शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाने सुचवायची, यावरून त्याला नियमांबद्दलचा पहिला धडा मिळतो.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातील मोटारीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. बाल न्याय मंडळाने प्रथम दिलेल्या जामिनाच्या अटींत रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. देशभर संताप उसळला, आदेश बदलला आणि मुलाच्या वडिलांनाही अटक झाली. त्या निबंधावर लोक उपहासाने बोलले. परंतु त्यात दडलेला प्रश्न उपहासाचा नव्हता. जो धडा दोन जीव गेल्यानंतर लिहायला सांगितला गेला, तो त्याआधीच्या सतरा वर्षांत द्यायचा कुणी?

शास्त्राने हे आधीच सांगितले आहे

जैन कुटुंबाला या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात शोधावे लागत नाही. पाप तीन प्रकारे लागते: स्वतः करून, दुसऱ्याकडून करवून आणि करणाऱ्याला अनुमोदन देऊन. मुलगा वाहन चालवतो, ते ‘करणे’ झाले. वडिलांनी पार्सल देऊन त्याला पाठवले, ते ‘करविणे’ झाले. ‘आमचा चिरंजीव चौदाव्या वर्षीच गाडी चालवायला लागला’ असे पाहुण्यांत कौतुकाने सांगितले गेले, ती अनुमोदना झाली. २०१९ मध्ये कायद्याने पालकाला दोषी धरले, तेव्हा त्याने नवे काही शोधून काढले नाही.

श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंडविरमण आहे. त्यात टाळायच्या गोष्टींमध्ये हिंसादान येते, म्हणजे हिंसा घडवू शकणारे साधन दुसऱ्याच्या हाती देणे. जुन्या ग्रंथांत त्याची उदाहरणे कुऱ्हाड, तलवार, अग्नी अशी आहेत. शंभर किलोंहून जड आणि ताशी साठच्या वेगाने धावू शकणारे यंत्र अपरिपक्व हातात देणे याहून वेगळे कसे म्हणावे? तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, गोवलेला आहे. मारण्याचा हेतू नव्हता, एवढे म्हणून सुटका होत नाही. सावध होतो का, हेही विचारले जाते.

साधूंसाठी सांगितलेली ईर्यासमिती म्हणजे पुढची सुमारे चार हात जमीन निरखून पाऊल टाकणे. चालत्या माणसाला तेवढी दृष्टी पुरते. ताशी ५० किलोमीटरने जाणारी दुचाकी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर कापते. चार हातांचे अंतर सेकंदाच्या आठव्या भागाच्या आसपास संपते. धोका दिसून ब्रेकवर बोटे आवळेपर्यंत एक सेकंद सहज जातो, आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतर थांबायला लागणारे अंतर चौपट होते. म्हणून वाहनावरची ईर्यासमिती ही नजर दूर ठेवण्याची आणि वेग आटोक्यात ठेवण्याची साधना आहे. फोनच्या पडद्यावर नजर ठेवून ती होत नाही.

समाजाने ही वेदना जवळून सोसलेली आहे. आगमांचे थोर संशोधक मुनिश्री जंबूविजयजी २००९ च्या नोव्हेंबरमध्ये राजस्थानात विहार करीत असताना वाहनाच्या धडकेने कालधर्म पावले. आज अनेक गावांतील तरुण पहाटेच्या अंधारात चमकत्या पट्ट्यांची जाकिटे घालून साधू-साध्वीजींसोबत महामार्गाच्या कडेने चालतात. रस्त्याकडे पायी चालणाऱ्याच्या नजरेने कसे पाहावे, हे त्या विहारसेवेत मुलांना आपोआप कळते. तोच तरुण दुपारी स्कूटरवर बसतो, तेव्हा सकाळची ती नजर त्याच्यासोबत असावी, एवढेच मागणे आहे.

वाटून घेण्याचे काम

शाळा यातून मोकळी नाही. महाराष्ट्रातील अनेक शाळांत आर.एस.पी. पथके आहेत आणि जानेवारीत रस्ता सुरक्षेचे अभियान होते. परंतु शाळेच्या फाटकाबाहेर, एकाच स्कूटरवर तीन मुले बसून निघतात तेव्हा डोळेझाक झाली, तर वर्गातला धडा तिथेच पुसला जातो. शासनाकडे पदपथ, दिवे, खड्डे आणि गतिरोधक यांचा जाब विचारलाच पाहिजे. मात्र खड्डा बुजेपर्यंत हेल्मेट थांबू शकत नाही.

घराचे काम सर्वांत आधी सुरू होते. चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट बंधनकारक आहे. त्याहून लहान बाळासाठीही हेल्मेट आणि चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा हवा, असा नियम आहे. मूल पहिला धडा पुढे बसलेल्या वडिलांच्या डोक्याकडे पाहून घेते. ते डोके उघडे असेल, तर पुढच्या शब्दांना वजन राहत नाही.

व्यापाऱ्याचे आणखी एक काम आहे. दुकानातून माल घेऊन निघणारा कामगार मुलगाही कुणाच्या घरचा आधार असतो. त्याचा परवाना पाहणे, त्याला चांगले हेल्मेट देणे आणि ‘दहा मिनिटांत पोहोच’ असा तगादा न लावणे, ही मालकाची जबाबदारी आहे. ऑर्डर उशिरा पोहोचली तर गिऱ्हाईक रागावते. तो तोटा वहीत भरून निघतो.

चातुर्मासात घरोघरी लहानमोठे नियम घेतले जातात. अठरा वर्षे पूर्ण होऊन परवाना मिळेपर्यंत मुलाच्या हाती किल्ली न देण्याचा नियम वडिलांनी घ्यावा. हेल्मेटशिवाय न निघण्याचा सर्वांनी घ्यावा. पाठशाळेत ईर्यासमिती शिकवताना समोरचा रस्ताही दाखवावा. संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणून अनेक चुकांची क्षमा मागता येते. पण ज्याच्याकडे ती मागायची तो माणूसच उरला नाही, तर हात कुणापुढे जोडणार? तो प्रसंग येऊ नये म्हणून किल्ली आजच खुंटीवरून काढून कपाटात ठेवता येते.