वर्ग बसलेला आहे

चित्र पाहताना : लेखांक अकरावा

मागच्या आठवड्यात घराघरांतल्या तसबिरी पाहिल्या. या आठवड्यात शाळेच्या वर्गात जाऊ. वाशीम जिल्ह्यातल्या वाचकांनी हा लेख जरा हक्कानं वाचावा. आपल्या भूमीतलं शाळेचं एक फार जुनं रंगीत चित्र ज्या लेण्यात आहे, ते लेणं वाशीमच्या राजाच्या मंत्र्यानं कोरवून घेतलेलं आहे.

वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. १९३९ साली इथं विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट मिळाला आणि वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचं चित्र स्पष्ट झालं. याच शाखेतला हरिषेण पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्य करत होता. त्याचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याचं सोळा क्रमांकाचं लेणं करवलं. तिथल्या शिलालेखात त्यानं आपल्या धन्याची वंशावळही नोंदवून ठेवली आहे.

या लेण्याच्या उजव्या भिंतीवर बुद्धचरित्रातले प्रसंग आहेत. मायादेवीचं स्वप्न आहे, असित ऋषींची भेट आहे आणि राजपुत्र सिद्धार्थ शाळेत बसलेला आहे. ‘ललितविस्तर’ ग्रंथात हा प्रसंग चमत्कार म्हणून येतो. लहानगा सिद्धार्थ गुरू विश्वामित्रांसमोर चौसष्ट लिप्यांची नावं घेतो आणि आता आपण याला काय शिकवणार, असा प्रश्न गुरूंनाच पडतो. चित्रकारापुढं ही कथा होती. पण चौसष्ट लिप्या रंगवता येत नाहीत. त्यानं रंगवली ती लिहिण्याच्या पाट्या घेऊन बसलेली मुलं. शेजारी धनुर्विद्येचा सराव चाललेला आहे. आज ही भिंत काळवंडली आहे, रंगाचे पोपडे गेले आहेत आणि लेण्यातल्या मंद उजेडात आकृत्या शोधाव्या लागतात. तरी पाटी सापडली की पुढचं आपोआप उलगडतं, कारण पाटी घेऊन बसलेलं मूल आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

गांधारच्या शिल्पांतही हा विषय आहे. चारसद्दा इथल्या एका शिल्पात सिद्धार्थ मेंढ्यांच्या गाडीतून शाळेला निघाला आहे आणि सोबतच्या मुलांकडे पाट्या आणि दौती आहेत. म्हणजे विषय चित्रकारांच्या परिचयाचा होता. तरी हरिषेणाच्या काळातल्या त्या अनाम कलावंताचं मला विशेष वाटतं. राजपुत्राचा थोरपणा सांगायला त्यानं एका साध्या वर्गाचा आधार घेतला.

अजिंठ्याच्या भिंतींनी पुढं आणखी एक वर्ग भरवला. १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यात येत आणि चित्रांच्या प्रतिकृती करून घेत. पेस्तनजी बोमनजींसारखा चित्रकार या कामात तयार झाला. लंडनला पाठवलेल्या प्रतिकृतींपैकी बऱ्याच १८८५ च्या आगीत जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षं खपून केलेल्या प्रतीही १८६६ साली लंडनच्याच क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. मूळ चित्रं मात्र लेण्यात राहिली.

आता वर्गाचं चित्र चांगलं कशानं होतं, या मुद्द्याकडे येतो. माझं मत सरळ आहे. वर्गाचं चित्र म्हणजे खोलीचं चित्र नव्हे. फळा, नकाशा, घड्याळ, गणवेश हे सगळं असूनही चित्र कोरडं राहू शकतं. मूल शिकताना त्याच्या शरीराचं काय होतं, हे ज्यानं टिपलं त्याला वर्ग सापडला. पेन्सिल दाताखाली येते. मान एका बाजूला कलते. पुढच्याच्या वहीत डोकावताना एक खांदा वर जातो.

रशियन चित्रकार निकोलाय बोग्दानोव-बेल्स्की याचं १८९५ चं चित्र पाहा. खेड्यातल्या शाळेत तोंडी गणिताचा तास चालू आहे. फळ्यावरचं गणित आजही स्पष्ट वाचता येतं : १० चा वर्ग, ११ चा, १२ चा, १३ चा आणि १४ चा वर्ग यांची बेरीज करा आणि तिला ३६५ नं भागा. सगळी मुलं उभी आहेत, अंगावर शेतकऱ्याच्या पोरांचे जाडेभरडे कपडे आहेत. एक जण गुरुजींच्या कानात उत्तर सांगतो आहे आणि बाकीचे आपापल्या डोक्यात झगडत आहेत. गणिताची खुबी अशी की पहिल्या तीन वर्गांची बेरीज ३६५ होते आणि उरलेल्या दोघांचीही ३६५. उत्तर दोन. ज्याला ही खुबी दिसली त्याला क्षणात सुटतं. ज्याला दिसली नाही तो चित्रात अजून उभा आहे. विचार करणं कसं दिसतं, याचं इतकं बारीक चित्रण मी दुसऱ्या कुठल्या चित्रात पाहिलेलं नाही. चित्रातले गुरुजी म्हणजे सर्गेई राचिन्स्की. चित्रकार गरिबाघरचा, याच राचिन्स्कींच्या शाळेत शिकलेला. आपल्या वर्गाचं ऋण त्यानं असं फेडलं.

त्याचंच १८९७ चं दुसरं चित्र याहून साधं आणि मला अधिक जवळचं. फाटक्या कपड्यांतला, काठी आणि झोळी घेतलेला एक मुलगा वर्गाच्या दारात थबकला आहे. आपल्याला त्याची फक्त पाठ दिसते. आत मुलं बाकांवर बसली आहेत.

शिकणारं शरीर टिपण्याचं हेच काम पॅरिसचा छायाचित्रकार रोबेर द्वानो यानं १९५६ साली कॅमेऱ्यानं केलं. त्याच्या एका छायाचित्रात एका पोराचे डोळे पाठ आठवण्यासाठी छताकडे लागले आहेत. छायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी १९३० च्या दशकात मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधल्या आपल्या मैत्रिणींचे फोटो काढले. त्या मुली शिल्प घडवताना, चित्र काढताना दिसतात. वर्गमित्रानं काढलेल्या फोटोत जी मोकळीक येते, ती बाहेरून आलेल्या फोटोवाल्याला सहसा मिळत नाही.

आपल्या घरांतल्या पेट्यांत जे जुने फोटो निघतात, ते बहुतेक सातवीच्या किंवा दहावीच्या वर्गाचे गटफोटो. पहिली रांग जमिनीवर मांडी घालून, दुसरी खुर्च्यांवर, तिथं मध्यभागी मुख्याध्यापक, मागची उभी आणि सर्वांत मागची बाकावर चढलेली. समोर एका पाटीवर खडूनं इयत्ता आणि साल. हा फोटो नेहमी वर्गाबाहेर, पटांगणात किंवा व्हरांड्यात का काढलेला असतो? कारण उजेडाचं आहे. कॅमेऱ्यातल्या जुन्या काचेच्या प्लेटा आणि फिल्म मंद होत्या, वर्गातल्या उजेडात त्यांचं भागत नसे. म्हणून वर्गाचा फोटो म्हटलं की वर्गच गायब होई. मुलं हालू नयेत म्हणून ताठ बसवली जात, त्यामुळं शिकतानाचं शरीरही गायब. आपल्या आजी-आजोबांचे चेहरे राहिले. ते पाटीवर कसे वाकत, हे राहिलं नाही. ही हानी आहे, आणि ती फार कमी लोकांना जाणवते.

आता त्या उजेडाबद्दलच थोडं तपशिलात सांगतो, कारण वर्गाचं चित्र काढणाऱ्याला आणि फोटो घेणाऱ्याला याहून उपयोगाचं काही नाही.

वर्गखोली बांधताना मुख्य खिडक्या मुलांच्या डाव्या हाताला याव्यात असं पाहतात, म्हणजे उजव्या हातानं लिहिणाऱ्याच्या हाताची सावली अक्षरावर पडत नाही. टाटपट्टीवर बसलेली मुलं खिडकीच्या कठड्यापेक्षा खाली असतात, म्हणून उजेड वरून तिरपा उतरतो. केस आणि कपाळ उजळतं, डोळे सावलीत जातात. पण मूल वहीवर वाकलं की पांढऱ्या पानावरून उजेड उलटा वर फेकला जातो आणि खाली झुकलेला चेहरा हलकेच उजळतो. पाटीच्या काळात असं होत नसे. काळी पाटी उजेड गिळते. म्हणून पाटीवर वाकलेला चेहरा गडद आणि वहीवर वाकलेला उजळ, हा फरक चित्रात आणायलाच हवा. आता वर्गात मोठा टीव्ही किंवा टॅब आला, की उजेड समोरून आणि निळसर येतो, सगळ्या मुलांचे चेहरे एकाच दिशेला उजळतात. तीन पिढ्यांचे वर्ग नुसत्या उजेडावरून ओळखता येतील.

कवेलूच्या छताची शाळा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना कवडसे आठवतील. कवेलूंच्या फटी वेड्यावाकड्या असतात, तरी जमिनीवर पडणारा कवडसा गोल असतो. तो फटीचा आकार नसतो, ते सूर्याचं प्रतिबिंब असतं. खंडग्रास ग्रहणात तेच कवडसे चंद्रकोरीचे होतात. लहान छिद्रातून आलेला उजेड समोरच्या पृष्ठभागावर बाहेरचं चित्र उमटवतो, हेच कॅमेऱ्याचं मूळ तत्त्व. म्हणजे कवेलूखाली बसलेला प्रत्येक वर्ग दुपारभर एका कॅमेऱ्याच्या आत बसलेला असे.

अमेरिकेत छायाचित्रण शिकवणाऱ्या अबेलार्दो मोरेल यांनी हे विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी स्वतःचा वर्गच काळोखा केला. खिडक्या झाकल्या आणि एक छोटं छिद्र ठेवलं. बाहेरचा रस्ता उलटा होऊन भिंतीवर आला. त्या धड्यातूनच १९९१ पासूनची त्यांची गाजलेली छायाचित्रमाला सुरू झाली : काळोख्या खोल्या, आणि भिंतींवर उलटी उतरलेली शहरं. सुरुवातीला एकेका फोटोला कित्येक तास लागत. हा प्रयोग आपल्या कोणत्याही शाळेत होतो. खिडक्यांना जाड पुठ्ठा, फटींना काळा कागद, ऊन पडलेल्या पटांगणाच्या बाजूला एक रुपयाच्या नाण्याहून लहान भोक, आणि समोर चुन्याची भिंत किंवा पांढरी चादर. डोळे काळोखाला सरावले की पटांगण, लिंबाचं झाड, झेंड्याचा खांब, सगळं खाली डोकं वर पाय भिंतीवर येतं. विज्ञानाच्या आणि चित्रकलेच्या सरांनी मिळून हा तास घ्यावा.

आजच्या जिल्हा परिषद शाळांचं रूप वेगळं आहे. बाहेर बोलक्या भिंती, काही ठिकाणी इमारतीला रेल्वेच्या डब्याचा रंग, आत फरशीवर रंगवलेल्या अंकांच्या चौकटी आणि अक्षरांची कमळं. फरशीवरची ही रंगरंगोटी २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर गावोगावी पोचली. गुरुजी आणि मॅडमनी सुट्टीत स्वतः ब्रश धरून केलेलं हे काम मी मनापासून मोलाचं मानतो. फक्त फोटो काढणारे भिंतीचाच फोटो काढतात, तेवढं खटकतं. फरशीवरच्या चौकटीत एक पाय उचलून, आता कुठं उडी मारावी म्हणून थांबलेलं पोर हे खरं चित्र.

टाळेबंदीत, २०२० साली, सोलापूरच्या नीलमनगरात घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले. शाळेला कुलूप होतं, म्हणून गल्लीचा वर्ग झाला. आणि शाळेच्या भिंतीचं आपल्याकडचं सर्वांत बोचरं चित्र नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटात आहे. डुकराला काठीला बांधून नायक जब्याचं कुटुंब चालत जातं, तेव्हा मागं शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा रंगवलेले आहेत. ते चेहरे अशा भिंतींवर आपण रोज पाहतो. कॅमेरा योग्य जागी उभा राहिला आणि त्या चेहऱ्यांनी आपल्याला जाब विचारला.

आपल्या मुलांच्या चित्रवहीत मात्र वर्ग क्वचित येतो. दोन त्रिकोणी डोंगर, मधून सूर्य, नारळाचं झाड, नदीत होडी. वाशीमच्या पोराला नारळ कुठून दिसला? एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांच्या तयारीत स्मरणचित्र असतंच; त्यात एकदा ‘आमचा वर्ग, तिसरा तास’ हा विषय द्यावा. दाराबाहेरच्या चपलांचा ढीग स्थिरचित्राला उत्तम आहे. मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली की पूर्वेच्या दारातून येणारा लांबट उजेड फरशीवर पडतो, तो जलरंगात पकडण्याजोगा असतो.

फोटो घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. टाटपट्टीवर स्वतः बसा, कॅमेरा मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा. उभ्यानं काढलेल्या फोटोत सगळी मुलं नुसती टाळू होतात. फ्लॅश लावू नका आणि तासभर काहीच काढू नका, म्हणजे पोरं तुम्हाला विसरतील. दुसरी अधिक महत्त्वाची. चेहरा ओळखू येईल असा फोटो शाळेच्या आणि आईवडिलांच्या परवानगीशिवाय कुठंही पाठवू नका. त्यानं काही अडत नाही. दारातल्या त्या रशियन पोराची नुसती पाठ आपण पाहिली आहे.

आणि घरातल्या जुन्या गटफोटोचं काम याच आठवड्यात करा. घरातलं सर्वांत वयस्क माणूस शेजारी बसवा आणि रांगेनं नावं विचारा. नावं कागदावर उतरवा. फोटोच्या मागं लिहायचंच तर मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं. बॉलपेनाचा दाब पुढं उमटतो. लॅमिनेशन करू नका, त्यातून फोटो पुन्हा सुटत नाही. मोबाइलवर प्रत घेताना फोटो खिडकीजवळ सपाट ठेवा आणि मोबाइल त्याला समांतर धरा. नावं विचारून झाल्यावर एक प्रश्न आणखी विचारा : वर्गात तुम्ही कुठं बसत होता, आणि उजेड कुठून यायचा?

पुढील लेखांक : जत्रेतला फोटो स्टुडिओ आणि त्याचा रंगवलेला पडदा.