डिझेल आटलं तर भामरागडचं काय?

तेलाचा तुटवडा म्हटला की मुंबई-पुण्याच्या पंपांवरच्या रांगा डोळ्यांपुढे येतात. पण तेल खरोखर कमी पडू लागलं, तर पहिली झळ भामरागड, एटापल्ली, सिरोंच्याला बसेल. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे येते ती वडशापर्यंत. वडसा-गडचिरोली हा 52 किलोमीटरचा मार्ग वर्षानुवर्षं रखडला आहे. वडशाच्या पुढे मीठ, खत, औषधं, गॅस सिलिंडर, सगळं डिझेलवर येतं. सिरोंच्याच्या माणसाला जिल्ह्याच्या कचेरीत यायचं तर दोनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करावा लागतो. देशाला लागणारं 85 टक्क्यांहून अधिक कच्चं तेल परदेशातून येतं, आणि त्याच्या वाढत्या भावाचा भार सर्वांत लांबच्या गावावर सर्वांत जास्त पडतो.

यावर उपाय विचारला की विजेवरच्या गाड्या आणि सौरपंप यांची नावं लगेच पुढे येतात. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता 2,920 मेगावॉट आहे, म्हणजे वीज शेजारीच तयार होते. विजेवरची एसटी इथे जरूर धावावी. पण मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: कोणत्या गरजेसाठी गाडी लागूच नये, आणि ते ठरवायचं कुणी?

पाण्याचं उदाहरण घ्या. पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलाव, ज्यांना सगळे मामा तलाव म्हणतात, ते 6 हजारांहून अधिक आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजातल्या जाणकारांनी जमिनीचा उतार ओळखून पाळी बांधल्या. तलावातलं पाणी उतारानंच एका बांधीतून दुसऱ्या बांधीत जातं. त्याला इंजिन लागत नाही, तेलही लागत नाही. मालगुजारी रद्द करणारा कायदा 1950 मध्ये झाला आणि तलाव सरकारकडे गेले. मोठे पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे. गाळ काढणं, पाळ दुरुस्त करणं ही गावाची कामं होती, ती कुणाचीच राहिली नाहीत. तलाव उथळ झाले आणि काठावर बेशरमाची झुडपं माजली. धान वाचवायला शेतकऱ्यानं पंप आणला. आज तेलाशिवायच्या शेतीची तयारी करायची म्हणजे आधी या तलावांचा गाळ उपसायचा, आणि त्यांची देखरेख गावाच्या हाती परत द्यायची.

आरोग्याचंही तसंच. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गडचिरोलीतल्या 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचं वजन करणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखून घरीच इंजेक्शन देणं. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी घटलं. हा प्रयोग तेलासाठी केलेला नव्हता. पण पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा रस्ता तुटतो, तेव्हा पलीकडच्या गावाला अशाच माणसाचा आधार असतो. गाडी येईपर्यंत जीव वाचवणारं कुणीतरी गावात हवंच. डिझेल मुबलक असतानाही हवं.

राहिला प्रश्न, ठरवायचं कुणी. धानोऱ्याजवळच्या मेंढा (लेखा) या गावानं त्याचं उत्तर कधीच दिलं आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीनं तिथली ग्रामसभा घडली. निर्णय बहुमतानं नव्हे, सगळ्यांच्या सहमतीनं व्हायचे, आणि अवघड विषय आधी अभ्यासगटात चघळले जायचे. 2009 मध्ये गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावनं 2012 मध्ये हक्क मिळवला. तेंदूपानांसाठी फांद्या छाटतात, आगी लावतात, म्हणून तिथल्या ग्रामसभेनं पानांचा धंदाच सोडला आणि बांबूवर रोजगार उभा केला. पुढे जंगल टिकावं म्हणून आजची कमाई सोडायची, हे एका छोट्या गावानं स्वतः ठरवलं. कमी तेलात जगायचं तर असेच निर्णय घ्यावे लागतील, आणि ते मुंबईहून आलेल्या परिपत्रकानं होणार नाहीत.

अर्थात बांबूही शेवटी ट्रकनंच जातो. डिझेल महागलं की व्यापारी वाहतुकीचा खर्च गावाच्या भावातून कापणार. म्हणून कोरचीसारख्या तालुक्यात ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली, त्याचं मोल मोठं. एकेकट्या गावापेक्षा अनेक गावं मिळून भाव ठरवू शकतात, आणि बांबू कच्चा विकण्याऐवजी त्याच्या वस्तू जवळच करण्याचाही विचार करू शकतात.

सर्वांत अवघड आहे ती चूल. ताडोबाच्या आसपासच्या गावांत वनखात्यानं सवलतीत गॅस दिला, कारण सरपणाला, मोहफुलांना जंगलात गेलेली माणसं दरवर्षी वाघाच्या हल्ल्यात मरतात. गॅस हाही बऱ्याच अंशी आयातच. सिलिंडर परवडेनासा झाला की बाई पुन्हा मोळीसाठी जंगलात जाणार, ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या पट्ट्यात तर थेट वाघाच्या वाटेवर. त्यामुळे 'पूर्वीसारखं साधं जगा' हा सल्ला इथे देताच येत नाही. गोबरगॅस चालेल, पण 2 घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे 50 किलो शेण लागतं, तितकंच पाणी लागतं, आणि इथली गुरं दिवसभर रानात चरतात. शेण मिळतं ते रात्रीच्या गोठ्यातलंच. काही घरांना ते पुरेल, सगळ्यांना नाही.

गडचिरोलीतल्या हजाराहून अधिक गावांकडे आज सामूहिक वनहक्क आहेत, आणि त्या जंगलाचा व्यवस्थापन आराखडा ग्रामसभेनंच करायचा असतो. बांबू आणि तेंदूच्या हिशेबाबरोबर त्यात सरपणाचंही एक पान हवं: गावाला लागून, उजेडात दिसेल अशा जागी लवकर वाढणारी झाडं किती लावायची, त्यांना कुंपण कसं घालायचं, आणि ती वाढेपर्यंत कोणत्या घरांना गॅस आधी मिळायचा. हे ठरवताना मोळी आणायला जाणाऱ्या बायका बैठकीत पुढे बसलेल्या असाव्यात.