गॅरेजचे उतरते छप्पर : रूढ समज आणि वस्तुस्थिती

पालघरपासून बोईसर-तारापूरपर्यंतच्या पट्ट्यात, कारखान्यांच्या आगमनानंतर जे बंगले उभे राहिले, त्यांच्या कडेला मोटारीसाठी काढलेल्या लहानशा खोलीचे सपाट छत आता ठिकठिकाणी गळू लागले आहे, आणि ते उतरवून त्या जागी दुपाखी छप्पर घालण्याचा विचार अनेक घरमालकांच्या मनात घोळत आहे. हा विचार मला सर्वथा योग्य वाटतो. मात्र त्याच्याभोवती जमलेल्या समजुतींपैकी काही नुसत्या खर्चिक, तर काही जीवावर बेतणाऱ्या आहेत.

पहिली समजूत प्रतिष्ठेची आहे : स्लॅब म्हणजे पक्के, कौल किंवा पत्रा म्हणजे कच्चे. देशावर, जेथे पाऊस बेताचा, तेथे धाब्याची घरे पिढ्यानपिढ्या सुखाने नांदली. उत्तर कोकणात मात्र वर्षाचा सुमारे २००० मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळतो, आणि म्हणूनच येथील जुन्या घरांनी उतरती पाखी स्वीकारली. तीन मीटर रुंद आणि पाच मीटर लांब गॅरेजवर या हिशोबाने दर पावसाळ्यात ३०,००० लिटर पाणी पडते. छताला पुरेसा ढाळ नसेल तर त्यातील काही भाग साचून राहतो, काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आतील सळयांपर्यंत पोहोचतो, आणि समुद्रावरून येणाऱ्या हवेतील क्षार त्याच्या सोबतीला असतात. गंजलेले लोखंड मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापते, त्यामुळे खालचे काँक्रीट फुगते, तडकते आणि त्याच्या खपल्या गळून पडतात. अशा अवस्थेत वरून डांबर किंवा एखादे रसायन फासल्याने गळती काही काळ थांबेल. क्षार आत राहिल्यामुळे सळ्यांचा क्षय पूर्णपणे थांबत नाही.

दुसरी समजूत अशी, की उतार दिला म्हणजे काम संपले. माझ्या मते संपूर्ण विषयाचे मर्म येथेच आहे, कारण उतार पाण्याची व्यवस्था करतो, वाऱ्याची नव्हे. दहा सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला सुमारे २५० किलोग्रॅम असते; मंगळुरी कौलांचे छप्पर लाकडासह साधारण ६५ किलोग्रॅमचे, आणि पत्र्याचे त्याहूनही पुष्कळ हलके. जुने छत निव्वळ आपल्या भाराने जागेवर बसून होते. नव्या छपराला ते साधत नाही. आपल्या मानक संहितेने मुंबई आणि सुरत या दोन्ही ठिकाणी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, आणि पालघर या दोहोंच्या दरम्यान आहे. या वेगाचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ११८ किलोग्रॅम भरतो. वारा छप्पर खाली दाबतो असे सामान्यतः वाटते. वस्तुतः कमी उताराच्या पाखीवरून जाताना तो तिला वर ओढतो, आणि गॅरेजचे शटर उघडे असेल किंवा वादळात तुटले असेल, तर आत शिरलेली हवा खालूनही रेटा देते. हे दोन जोर एकत्र आले म्हणजे, विशेषतः कडांशी, कोपऱ्यांशी आणि आढ्यापाशी, नुसत्या खिळ्यांनी ठोकलेला पत्रा टिकत नाही. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गुजरातेकडे सरकले, त्याचे स्मरण येथील रहिवाशांना असेलच. म्हणून पत्रा रिपेला, रीप कैचीला, कैची भिंतीवरील काँक्रीटच्या पट्ट्याला आणि तो पट्टा पायापर्यंत, अशी अखंड साखळी बोल्टांनी आणि सळ्यांनी जुळवावी लागते. त्यातील एक कडी कच्ची राहिली तर बाकीच्यांचा उपयोग नाही.

उतार जितका तीव्र तितका बरा, हेही खरे नाही. सुमारे २२ ते ३० अंशांचा उतार पाणी झरझर वाहून नेतो आणि वाऱ्याची ओढही कमी ठेवतो. वळचण मात्र लांब काढू नये. सावलीच्या मोहाने पुढे आलेली पाखीच वारा आधी उचलतो.

तिसरी समजूत भिंतींविषयी आहे. स्लॅब हे केवळ आच्छादन, ते काढले तरी भिंती जशाच्या तशा उभ्या राहतील, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात स्लॅब चारही भिंतींना माथ्यावर एकत्र बांधून ठेवतो. तो गेला की त्या सुट्या होतात, आणि वर दुपाखी छपराचे वासे त्यांना बाहेर रेटू लागतात. कैचीला खालचा आडवा दांडा नसेल तर हा रेटा भिंतीलाच सोसावा लागतो. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागाला, विशेषतः धुंदलवाडीच्या परिसराला, भूकंपाच्या लहानमोठ्या धक्क्यांची मालिकाच सोसावी लागली, तेव्हा ही बाब आपल्या जिल्ह्यात दुर्लक्षणीय नाही. भिंतींच्या माथ्यावर सलग काँक्रीटचा पट्टा आणि दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींना तिरका पट्टा, ही तजवीज अगोदर करावी. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, गॅरेजचा स्लॅब घराच्या स्लॅबशी सलग असतो तेथे त्याच्याच भाराने बाहेरचा एखादा छज्जा तोललेला असू शकतो. स्थापत्य अभियंत्याने पाहणी केल्याशिवाय तेथे घण चालवणे म्हणजे तो छज्जा अंगावर घेणे होय.

पत्र्याविषयी बोलताना दुकानदार जाडी सांगतात. गिऱ्हाइकाने जस्ताचा थर विचारावा. खारे वारे आणि रासायनिक कारखान्यांची हवा या दोहोंच्या कचाट्यात सापडलेल्या तारापूरच्या वसाहतीत गंज पत्र्याच्या कापलेल्या कडेपासून आणि बोल्टांच्या भोकांपासून सुरू होतो. जुने सिमेंटचे पत्रे उतरवायचे असतील तर ते यंत्राने कापू नयेत, फोडू नयेत. त्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे.

शेवटची समजूत कायद्याची : घर आपले, गॅरेज आपले, मग परवानगी कशाला? महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ यातील कलम ४३ इमारतीच्या केवळ अंतर्भागातील, किंवा बाह्यस्वरूपात विशेष फरक न पडणाऱ्या कामांना सूट देते. सपाट छताचे दुपाखी करणे या सवलतीत बसत नाही. पालघर शहरात नगरपरिषदेच्या आणि औद्योगिक क्षेत्रात औद्योगिक विकास महामंडळाच्या दप्तरी, तर गावठाणात ग्रामपंचायतीकडे आधी चौकशी करून, नकाशा आणि अभियंत्याचा दाखला रुजू करावा, आणि मंजुरी पावसाळा संपताना हाती येईल अशा बेताने अर्ज करावा, म्हणजे दिवाळीनंतर तोडकाम सुरू करून नवे छप्पर मे महिन्यातील वादळांच्या आधी पुरते बसवता येते.