बागेचा नकाशा : चारही बाजू मोजा, पण कर्ण विसरू नका

आम्ही कापडवाले. बोटभर कापड कमी भरले तरी गिऱ्हाईक हुज्जत घालते. पण घरामागे बाग करायची ठरली की आपले व्यापारी बांधव मोजमाप ठेकेदारावर सोपवतात आणि बिल हाती आल्यावर वाद घालतात. एका दुपारच्या मेहनतीने हा वाद टळू शकतो.

प्रथम जागेचे कच्चे चित्र हातानेच काढावे व मापे त्यावर लिहीत जावी. दुकानातला कापडी टेप येथे कामाचा नाही, तो ताणला जातो. लांब पोलादी टेप दोघांनी धरावा, झोल पडू देऊ नये.

घराची मागची सरळ भिंत पाया धरावी. तिच्या दोन्ही टोकांपासून कुंपणाचे कोपरे, झाडे, नळ यांची अंतरे घ्यावी. कागदावर त्याच दोन टोकांवरून कंपासने चाप काढावे. ते छेदतील तेथे झाडाची जागा.

खरी गोम कर्णात आहे. समजा, समोरासमोरच्या बाजू १२-१२ व ९-९ मीटर भरल्या. कोपरे काटकोनात असतील तर कर्ण १५ मीटर यायला हवा. तो १३.२० आला तर जागा तिरकी समजावी. लांबी-रुंदीच्या गुणाकाराने १०८ चौरस मीटर होतात, प्रत्यक्षात जागा सुमारे १०५ असते. कर्णामुळे पडणाऱ्या दोन त्रिकोणांचे क्षेत्रफळ काढून बेरीज केली की खरा आकडा मिळतो. नाहीतर तीन चौरस मीटर फरशीचे पैसे विनाकारण जातात.

आता प्रमाण. १ मीटरला २ सेंटिमीटर, म्हणजे १:५० धरले तर ही जागा साध्या ए-फोर कागदावर बसते. जागा मोठी तसे प्रमाण लहान. औरंगाबादच्या (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) बीबी का मकबऱ्याचे चारबागेसह आवार सुमारे ४५८ बाय २७५ मीटर आहे. तेवढ्याच कागदासाठी तेथे १ सेंटिमीटरला २० मीटर धरावे लागतील.

नकाशावर प्रमाण, तारीख, उत्तर दिशा आणि पाण्याचा उतार लिहावा. मग त्याच्या प्रती दोन-तीन ठेकेदारांना देऊन भाव मागवावे. सर्वांचे माप एकच असले की महाग कोण व स्वस्त कोण, हे आपल्याला घरबसल्या कळते.