काटक देहातील मेद

दिंद्रुड परिसरात एखाद्या सडपातळ गृहस्थाच्या प्रकृतीची चौकशी केली, तर ‘काटक माणूस, त्याला काय होतंय’ हे उत्तर हमखास मिळते. प्रस्तुत लेखकही सत्तेचाळीस वर्षे याच समजुतीच्या आश्रयाने राहिला. उंची पाच फूट सहा इंच, वजन ५९ किलो. लग्नातील कोट आजही खांद्यात बरोबर बसतो. पोटावरचे बटण तेवढे लागत नाही. त्या बटणाकडे कोणी लक्ष दिले नाही. गेल्या वर्षी रक्ततपासणीत मधुमेह निघाला, तेव्हा प्राध्यापक-कक्षातील सहकाऱ्यांनी माझ्यावर नव्हे, तपासणीच्या अहवालावरच अविश्वास दाखविला. दुसऱ्या तपासणीचा निकालही तोच आला.

यात खरे तर मला नवल वाटावयास नको होते. दरडोई उत्पन्नाच्या आकड्यावरून त्या उत्पन्नाची वाटणी कळत नाही, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. देहाच्या वजनाचेही तसेच आहे. त्यात हाड किती, स्नायू किती, मेद किती, हे काटा सांगत नाही. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा ‘बॉडी मास इंडेक्स’ही सांगत नाही. हे सूत्र मुळात वैद्यकातले नव्हेच. ते एकोणिसाव्या शतकातील अडॉल्फ केटले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाचे. त्याला ‘सरासरी माणूस’ शोधावयाचा होता, एखाद्याचा रोग नव्हे. भारतीयांसाठी या आकड्याची सावधगिरीची मर्यादा २५ ऐवजी २३ धरली जाते. माझा आकडा २१ आहे.

या कोड्याची उकल पुण्यात झाली आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे शेजारीशेजारी काढलेले छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी एकच, २२.३. मात्र युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! दिसावयास कृश, पण आतून मेदयुक्त अशी ही भारतीय देहाची घडण.

तिचा परिणाम कसा होतो? जेवणानंतर रक्तात उतरलेली साखर मोठ्या प्रमाणावर सामावून घेतात ते स्नायू. तेच कमी असले की साखरेला जावयास जागा उरत नाही. उलट पोटाच्या पोकळीत, आतड्यांभोवती साचलेला मेद स्वस्थ बसत नाही. त्यातून सुटणारी मेदाम्ले यकृतात पोहोचतात आणि इन्शुलिनचा अंमल ढिला पडतो. म्हणूनच काट्याइतकीच शिंप्याची टेप महत्त्वाची. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० च्या आत असावी, असा दंडक आहे. माझी भरली ९२. आता रोज फिरणे आले, वजने उचलणे आले, भाताचा ढीग कमी करून डाळ-उसळ वाढविणे आले. पगारदार मनुष्याला हे जमण्यासारखे आहे.

परंतु ही घडण ठरते कोठे? पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ पासून गर्भवती मातांचा अभ्यास सुरू झाला. मातांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो. नवजात बालकांचे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बालकांचे ३.५. या तुटीतला मोठा वाटा स्नायूंचा आणि पोटातील अवयवांचा होता. त्वचेखालील मेद मात्र त्या मानाने बराच टिकून होता. म्हणजे जन्मतःच बालक कृश आणि मेदयुक्त! ज्या मातांच्या आहारात पालेभाज्या, फळे, दूध अधिक, त्यांची बालके मोठी; ज्यांच्या वाट्याला अंगमेहनत अधिक, त्यांची लहान.

आम्हा अर्थशास्त्रज्ञांचेही येथे चुकले, असे मला वाटते. दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याची मोजणी दरडोई रोजच्या २२५० कॅलरींवर बसविली. त्या काळी, भुकेचा प्रश्न समोर असता, ते योग्यच होते. पण कॅलरी ही इंधनाची मोजदाद आहे. त्या इंधनाने स्नायू बांधला गेला की मेद साठला, याची नव्हे. धोरणाची नजर मात्र अजून पोट भरण्यापाशीच घोटाळते. शालेय पोषण आहारात २०२३ च्या नोव्हेंबरात आठवड्यातून एकदा अंडे आले आणि २०२५ च्या जानेवारीत शासनाने त्यासाठीचा निधी थांबविला. एका अंड्याने काय होते, असे कोणी म्हणेल. एका अंड्याने फारसे होत नाही, हे खरे; पण तेही परवडत नाही म्हणणे निराळे.

दसरा-दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. पहाटेच्या थंडीत डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या बायांत गर्भवतीही असतात. उचल फेडावयाची असते. खाडा केला तर मुकादम पैसे कापतो. भाकरी आणि तिखट यांवर दिवस निघतो, दूध आणि पालेभाजी फडावर कोठून येणार? पोटातल्या मुलाचा स्नायू त्याच महिन्यांत बांधला जावयाचा असतो. पुढे ते मूल दिंद्रुडच्या शाळेत येईल, सडपातळ दिसेल आणि गाव त्यालाही काटकच म्हणेल.