शेजारधर्म आणि सहकार

शेजारधर्म हा शब्द मराठींत फार जुना आहे. परंतु खेड्यांतील शेजार आणि मुंबईंतील शेजार यांत मोठा भेद आहे. खेड्यांत शेजारी पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीचा असतो व आळीहि बहुधा जातवार वसलेली असते. मुंबईंत मात्र एकाच जिन्यावर कोंकणांतला कामगार, केरळांतली परिचारिका, उत्तर हिंदुस्थानांतला टॅक्सीवाला आणि कच्छी दुकानदार राहूं शकतात. त्यांची भाषा निराळी, सण निराळे, चूलहि निराळी. अशा अनोळखी माणसांचा शेजार घडतो कसा आणि टिकतो कशामुळें, हें समजून घेण्यास गोरेगांवच्या पूर्वेकडील दिंडोशीचें उदाहरण उपयोगी पडेल.

हा भाग साष्टी बेटांतला. मागें राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या, जवळच आरे दुग्धवसाहत. आरेच्या पाड्यांतून वारली राहतात. साष्टींतील जुन्या गांवठाणांतून ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबें आहेत व त्यांच्या घरांत मराठीचीच एक बोली चालत आली आहे. त्यांत पुढें पोटासाठीं दूरदूरचीं माणसें येऊन मिळालीं. माणसें वाढलीं, जमीन वाढली नाहीं. निवाऱ्याचा प्रश्न उभा राहिला तो येथें.

१९७६ सालीं शहरी जमीन कमाल धारणा कायदा झाला. मुंबईंत कोणाजवळहि ५०० चौरस मीटरांहून अधिक मोकळी जमीन राहूं नये, अधिक असेल ती सरकारनें घ्यावी, असा त्याचा आशय. परंतु त्याच कायद्यांत सूट देण्याचींहि कलमें होतीं. मालकानें दुर्बल घटकांसाठीं घरें बांधण्याचें पत्करल्यास २१ व्या कलमान्वयें जमीन त्याच्याकडेच राही. सूट घेणारे पुष्कळ निघाले; पण गरिबाला घर मिळालें असें क्वचितच झालें.

ही विसंगति ओळखून मृणाल गोरे व त्यांच्या समाजवादी सहकाऱ्यांनीं नागरी निवारा परिषद स्थापिली. मृणालताई वैद्यकाचें शिक्षण सोडून राष्ट्र सेवा दलाच्या कामांत आलेल्या. १९६१ सालीं त्या मुंबई महापालिकेंत निवडून गेल्या आणि उपनगरांतील पाण्यासाठीं झगडतां झगडतां लोकांनीं त्यांना ‘पाणीवाली बाई’ हें नांव दिलें. परिषदेच्या चिकाटीनें दिंडोशीस सहा हजारांहून अधिक घरें उभीं राहिलीं. मृणालताई २०१२ सालीं निवर्तल्या, घरें आहेत.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. या घरांची कसोटी उत्पन्नाची होती, जातीची किंवा धर्माची नव्हे. सहकाराचें मूळ तत्त्वहि हेंच. १८४४ सालीं इंग्लंडांत रॉचडेल येथें २८ श्रमिकांनीं सहकारी दुकान काढलें, तेव्हांपासून ‘दार सर्वांस उघडें’ हा सहकाराचा नियम मानला जातो. तथापि आपल्याकडे कायद्याची सक्ति तशी नाहीं. अहमदाबादेच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या दाव्यांत २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, संस्थेस आपलें सभासदत्व एका समाजापुरतें ठेवतां येतें. म्हणजे मिश्र वस्ती हें कायद्याचें देणें नव्हे. ती माणसांनीं आपखुशीनें पत्करावी लागते.

आणि ती चालते कशावर? विनावेतन सेवेवर. संस्थेचे सभासद आपल्यांतूनच समिति निवडतात. समितींतून अध्यक्ष, चिटणीस व खजिनदार होतात. दिवसभर कचेरींत राबून आलेला गृहस्थ रात्रीं पावत्या लिहितो, पाण्याचा पंप बिघडला कीं कारागीर शोधतो, गच्चीच्या गळतीची तक्रार ऐकतो. दरसाल ३० सप्टेंबरच्या आंत सर्वसाधारण सभा घेऊन पैन्‌पैचा हिशेब मांडावा लागतो. टांकी सर्वांची एकच असते. तिला भाषा नसते आणि धर्महि नसतो. एकत्र दिवाळी वा ईद साजरी करणें चांगलेंच. परंतु एकत्र टांकी धुण्यानें जो विश्वास उपजतो, तो अधिक टिकाऊ असतो.

या विश्वासाचें मोल संकटांत कळतें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. गाड्या थांबल्या, रस्ते बुडाले. त्या रात्रीं उपनगरांतील असंख्य कुटुंबांनीं अनोळखी वाटसरूंना घरांत घेतलें, चहा-बिस्किटें दिलीं, कोरडे कपडे दिले. कोणीं कोणाचें आडनांव विचारलें नाहीं.

परंतु अशी वृत्ति संकटाच्या दिवशीं एकाएकीं उगवत नसते. तिला रोजचा सराव लागतो. आतां पुष्कळ संस्थांतून चिटणीसपद घ्यावयास कोणी पुढें येत नाहीं. वेळ नाहीं, वर शिव्या खाव्या लागतात, हें कारण खोटेंहि नाहीं. पण प्रत्येकानें तेंच म्हटलें तर काम पगारी माणसाकडे जातें, शेजारी केवळ गिऱ्हाईक उरतो, आणि मग समोरच्या दारामागें कोण राहतो हेंहि कळेनासें होतें. घर विटांनीं बांधतां येतें. शेजार मात्र आठवड्यांतले दोन तास दिल्यावांचून बांधला जात नाहीं.