२०२० मध्ये संपणाऱ्या हिमनद्यांचं पुढे काय झालं?

उन्हाळ्यात भारतातून आलेल्या आई-बाबांना घेऊन तुमच्यापैकी काही जण मोंटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कला गेले असतील. २०२० च्या काही वर्षं आधी गेला असाल, तर सेंट मेरी व्हिजिटर सेंटरमधला एक फलक कदाचित आठवत असेल. २०२० सालापर्यंत इथल्या सगळ्या हिमनद्या नाहीशा होतील असं संगणकाची मॉडेल्स सांगतात, अशा अर्थाचा मजकूर त्यावर होता. २०२० उजाडलं. हिमनद्या लहान झालेल्या होत्या, पण होत्या. फलकावरचा मजकूर मात्र पार्कला बदलावा लागला.

ग्लोबल वॉर्मिंग हे सगळं थोतांड आहे असं म्हणणाऱ्यांच्या हाती यामुळे आयतंच कोलीत मिळालं. ‘बघा, सांगितलेलं खोटं निघालं!’ आता तुम्ही काय म्हणाल? फलक चुकला हे तर खरंच आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण नेमकं काय चुकलं, हे पाहिल्याशिवाय पुढचा निष्कर्ष काढता येत नाही.

ते साल आलं कुठून?

२००३ साली मर्ना हॉल आणि डॅनियल फॅग्री या दोघांचा एक शोधनिबंध ‘बायोसायन्स’ या नियतकालिकात आला. त्यांनी पार्कमधल्या ब्लॅकफूट-जॅक्सन या एका खोऱ्याचा अभ्यास केला होता. तिथल्या हिमनद्यांचं क्षेत्रफळ १८५० मध्ये २१.६ चौरस किलोमीटर होतं, ते १९७९ पर्यंत ७.४ वर आलं होतं. ही झालेली घट. पुढे काय होईल हे पाहायला त्यांनी दोन शक्यता घेतल्या. कार्बन डायऑक्साइड वाढत जाऊन तापमान झपाट्याने चढलं, तर त्या खोऱ्यातल्या हिमनद्या २०३० पर्यंत संपतील. तापमान सरळ रेषेत सावकाश वाढलं, तर बर्फ बराच हळू वितळेल.

म्हणजे निबंधात एक खोरं होतं, दोन शक्यता होत्या आणि दोन ‘जर’ होते. पुढे काही हिमनद्या या मॉडेलपेक्षाही वेगाने आक्रसताना दिसल्या, तेव्हा २०३० ऐवजी २०२० म्हटलं जाऊ लागलं. फलकावर येईपर्यंत एका खोऱ्याचा सगळा पार्क झाला, दोन शक्यतांची एक झाली आणि ‘जर’ गळून पडला. उरलं फक्त एक साल.

साल सांगणं इतकं अवघड का?

हिमनदीचा हिशेब आपल्या घरच्या जमाखर्चासारखाच असतो. हिवाळ्यात बर्फ पडतो ती जमा, उन्हाळ्यात वितळतो तो खर्च. खर्च वर्षानुवर्षं जमेपेक्षा जास्त राहिला की हिमनदी आक्रसते. तापमान वाढतंय म्हणजे खर्च वाढतोय, हे खात्रीने सांगता येतं. पण एखाद्या हिवाळ्यात भरपूर बर्फ पडला की जमाही वाढते, आणि पुढच्या दहा हिवाळ्यांत किती बर्फ पडेल हे कोणालाच नेमकं सांगता येत नाही. २०२० चा अंदाज चुकण्यामागे मध्ये येऊन गेलेले असे जोरदार बर्फाचे हिवाळे हे एक कारण होतं.

दुसरं कारण डोंगराच्या आकारात आहे. हिमनदी लहान होत होत उंच कड्याच्या सावलीत जाऊन बसते. तिथे ऊन कमी लागतं, वारा बर्फ आणून टाकतो, वरून हिमप्रपात कोसळून भर पडते. त्यामुळे उरलेला तुकडा अपेक्षेपेक्षा जास्त तग धरू शकतो.

शिवाय ‘संपली’ याची व्याख्याही पाहायला हवी. अमेरिकन भूशास्त्र सर्वेक्षण, म्हणजे यूएसजीएस, ०.१ चौरस किलोमीटर किंवा साधारण २५ एकरांहून मोठ्या बर्फालाच इथे हिमनदी म्हणतं. त्याहून लहान झालेला बर्फ डोळ्यांना दिसतो, पण यादीतून तो बाद होतो.

आता याच संस्थेची प्रत्यक्ष मोजणी पाहा. १९६६ मध्ये पार्कात या मापाच्या ३५ हिमनद्या होत्या. २०१५ मध्ये २६ उरल्या. पार्क आणि लगतच्या भागातल्या ३९ हिमनद्यांची १९६६ ते २०१५ या काळातली मापं २०१७ मध्ये जाहीर झाली. त्यांचं क्षेत्रफळ सरासरी ३९ टक्क्यांनी घटलं होतं, काहींचं तर ८५ टक्क्यांपर्यंत. यात मॉडेल नाही, भाकीत नाही. आकाशातून घेतलेल्या फोटोंवरून केलेलं मोजमाप आहे. साल चुकलं, पण दिशा चुकली नव्हती.

आपल्या हिमालयाचंही असंच झालं

हा प्रकार फक्त अमेरिकेतला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसी या मंडळाने २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची दाट शक्यता आहे, असं लिहिलं होतं. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या काठी राहणाऱ्या कोट्यवधी लोकांच्या दृष्टीने हे भयंकर विधान होतं. नोव्हेंबर २००९ मध्ये भूशास्त्रज्ञ व्ही. के. रैना यांचा निबंध भारताच्या पर्यावरण मंत्रालयाने प्रसिद्ध केला. हिमालयातल्या हिमनद्या काही विलक्षण वेगाने मागे हटत असल्याचा पुरावा नाही, असं त्यात म्हटलं होतं. आयपीसीसीचे तेव्हाचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याची ‘वूडू विज्ञान’ अशी संभावना केली.

पण ग्रॅहम कॉग्ली यांच्यासारख्या हिमनदीतज्ज्ञांनी २०३५ चा माग काढला, तेव्हा तो पोचला एका स्वयंसेवी संस्थेच्या २००५ च्या अहवालापर्यंत आणि तिथून १९९९ मधल्या ‘न्यू सायंटिस्ट’च्या बातमीपर्यंत. मागे तपासलेला शोधनिबंध नव्हताच. जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीने चूक मान्य केली. विशेष म्हणजे त्याच अहवालाच्या ज्या खंडात भौतिक विज्ञानाची मांडणी होती, त्यात हे विधान नव्हतं. चूक पकडली तीही तापमानवाढ मान्य असलेल्या शास्त्रज्ञांनीच.

मग हिमालय सुरक्षित आहे का? नाही. २०१९ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी शीतयुद्धाच्या काळातल्या अमेरिकन हेर उपग्रहांचे जुने फोटो वापरून सुमारे ६५० हिमनद्यांची तुलना केली. १९७५ ते २००० या काळाच्या मानाने २००० नंतर बर्फ दुप्पट वेगाने कमी होतोय, असं त्यांना आढळलं. त्याच वर्षी काठमांडूच्या इसिमोड या संस्थेच्या अहवालाने म्हटलं, की तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी हिंदुकुश-हिमालयातला साधारण एकतृतीयांश बर्फ या शतकाअखेर जाईल. २०३५ पेक्षा हे कमी सनसनाटी आहे, पण पुरेसं गंभीर आहे.

शंका घ्यावी, पण सगळ्यांवर सारखी

बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड मुलर यांना तापमानाच्या नोंदींबद्दल अशाच शंका होत्या. हवामानकेंद्रं शहरांच्या वाढीत सापडली, म्हणून तापमान वाढल्यासारखं दिसतं का? नोंदी सोयीने निवडल्या आहेत का? त्यांनी ‘बर्कली अर्थ’ हा प्रकल्प उभारून सगळ्या नोंदी पुन्हा मुळापासून तपासल्या. या कामाला काही पैसा चार्ल्स कोक यांच्या प्रतिष्ठानाकडूनही आला होता. तापमानवाढीच्या विज्ञानावर शंका घेणाऱ्यांचं हे आवडतं नाव. निष्कर्ष काय निघाला? जमिनीवरचं सरासरी तापमान अडीचशे वर्षांत सुमारे दीड अंश सेल्सिअस वाढलं आहे आणि जवळजवळ सगळी वाढ माणसामुळे आहे. जुलै २०१२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून मुलर यांनी आपलं मत बदलल्याचं जाहीर केलं. तरीही प्रत्येक वादळाचं खापर तापमानवाढीवर फोडायला त्यांचा विरोध कायम राहिला.

तेव्हा पुढच्या वेळी ‘अमुक सालापर्यंत सगळं संपणार’ असं वाचलंत, तर मूळ अभ्यासात कुठला ‘जर’ होता, तो किती भागापुरता होता आणि ‘संपणं’ म्हणजे काय, एवढं जरूर विचारा. आणि ‘काहीही होत नाहीये’ असं कोणी म्हणालं, तर त्यालाही तितक्याच कडकपणे मोजमापं विचारा.

सेंट मेरीच्या नव्या मजकुरात साल नाही. हिमनद्या कधी नाहीशा होतील हे आपण काय करतो आणि कधी करतो यावर अवलंबून आहे, असं त्यात म्हटलंय. मुलांना घेऊन गेलात आणि पायात बळ असेल, तर ग्रिनेल हिमनदीपर्यंत चढून जा. जाण्याआधी तिचे यूएसजीएसने जमवलेले जुने फोटो फोनवर घेऊन ठेवा. फोटोत जिथे बर्फ आहे, तिथे आज तळं दिसेल. मग मुलांना काय वाटतं ते त्यांनाच विचारा.